८०० मेगाहर्ट्झवर अडकलेला प्रोसेसर : निदानापासून वॉरंटीच्या काउंटरपर्यंत

एप्रिल २०२४ च्या अखेरीस माझ्या घरच्या डेस्कटॉपचा प्रोसेसर ८०० मेगाहर्ट्झ या अगदी संथ वेगावर जाऊन बसू लागला आणि जूनच्या मध्यानंतर तो पुन्हा पूर्ण वेगाने चालू झाला. मधल्या काळात काय तपासले, कोणत्या क्रमाने तपासले, पैसे कुठे गेले आणि नुसता वेळ कुठे गेला, हे सर्व लिहून ठेवत आहे. या तक्रारीवर आपल्याकडे मिळणारे सल्ले साधारणपणे ‘पेस्ट बदला’ (म्हणजे प्रोसेसर आणि त्याला थंड ठेवणारा कूलर यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट), ‘विंडोज नव्याने टाका’ किंवा ‘प्रोसेसर गेला, नवा घ्या’ असे असतात. वास्तविक प्रोसेसरचा वेग कोण कमी करत आहे, हे घरबसल्या आणि बहुतांशी फुकट शोधता येते. ते कळल्यावर यांपैकी कोणता सल्ला ऐकायचा हे ठरवणे सोपे जाते.

मी मुलुंडला राहते आणि जुन्या व्हीएचएस कॅसेटवरची चित्रफीत संगणकावर घेऊन ती पेनड्राइव्हवर देण्याचे काम घरूनच करते. लग्न, मुंज, शाळेचे स्नेहसंमेलन, कोणाच्या आजोबांची पंचाहत्तरी, असा सगळा ऐवज असतो. यात संगणकाचे सर्वांत जड काम म्हणजे चित्रफितीचे अंतिम रूपांतर, आणि ते मी प्रोसेसरवरच करते. संगणक नोव्हेंबर २०२१ मध्ये लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळवलेला आहे : इंटेल कोअर आय-५ १०४०० प्रोसेसर, सोळा जीबी मेमरी, त्या वेळी परवडला तो साधा मदरबोर्ड आणि उबुंटू २२.०४ ही लिनक्स प्रकारची ऑपरेटिंग सिस्टीम. या प्रोसेसरला सहा कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग) आणि बारा थ्रेड (एकाच वेळी चालू शकणारी कामे) आहेत. त्याचा मूळ वेग २.९ गिगाहर्ट्झ, म्हणजे २९०० मेगाहर्ट्झ, असून एकाच कोअरवर भार असेल तर तो ४.३ पर्यंत आणि सर्व कोअरवर भार असेल तर ४.० पर्यंत चढू शकतो. तासाभराची एक कॅसेट रूपांतरित व्हायला मला अठरा-वीस मिनिटे लागत. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात त्याच कामाला दीड तास लागू लागला.

सुरुवातीला काम सुरू होऊन पाव तास झाला की वेग कोसळत असे, आणि संगणक बंद करून प्लग काढून ठेवला की काही वेळ सर्व ठीक चालत असे. मे उजाडेपर्यंत मात्र संगणक सुरू केल्यापासूनच तो संथ असायचा. एका गिऱ्हाइकाला आईवडिलांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसासाठी त्यांच्या पंचविसाव्या वाढदिवसाची कॅसेट हवी होती आणि कार्यक्रमाची तारीख ठरलेली होती. त्यामुळे पहिले काही दिवस मी शांतपणे विचार करण्याच्या मनःस्थितीत नव्हते, हेही नोंदवायला हवे.

८०० मेगाहर्ट्झ हा आकडा दिसला म्हणजे बिघाड झाला, असे नसते. संगणक नुसता उघडा असेल, काम काही चालू नसेल, तर या प्रोसेसरने तिथेच यायला हवे. चिपमध्ये खर्च होणारी वीज ही वारंवारतेच्या (म्हणजे मेगाहर्ट्झमधल्या या वेगाच्या) आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून काम नसताना दोन्ही खाली आणले की वीज आणि उष्णता दोन्ही वाचतात. प्रश्न फक्त भार आल्यावर तो वर जातो की नाही, एवढाच असतो. त्यामुळे मोजमाप नेहमी भार देऊनच घ्यावे. मी ‘स्ट्रेस-एनजी’ या छोट्या प्रोग्रॅमने बाराही थ्रेडवर भार टाकला आणि दुसऱ्या खिडकीत ‘टर्बोस्टॅट’ चालवले. टर्बोस्टॅट हे उबुंटूच्या ‘लिनक्स-टूल्स’ पॅकेजमधून मिळते आणि प्रशासकाच्या अधिकारानेच चालते. त्यात कोअर किती टक्के कामात आहे आणि कामात असताना त्याचा सरासरी वेग किती, असे दोन वेगळे स्तंभ असतात. शिवाय तापमान आणि प्रोसेसरने घेतलेले वॉटही दिसतात. माझ्याकडे काम शंभर टक्के, वेग ७९८, तापमान ४८ अंश आणि वीज दहा वॉटच्या आत असे चित्र होते. विंडोज वापरणाऱ्यांना टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ पानावर मूळ वेग आणि चालू वेग शेजारी शेजारी दिसतात. भार शंभर टक्के असताना चालू वेग मूळ वेगाच्या बराच खाली असेल तर पुढचे वाचण्यात अर्थ आहे.

या चार आकड्यांचा कागद मी त्या दिवशीच लिहून ठेवला, आणि पुढे वॉरंटीच्या काउंटरवर खरे काम त्या कागदानेच केले.

प्रोसेसरचा वेग ठरवणारे एकाहून अधिक असतात. ऑपरेटिंग सिस्टीम आपली मागणी सांगते, मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्रॅम म्हणजे बायोस काही मर्यादा घालून देतो, प्रोसेसर स्वतःचे तापमान आणि वीज पाहून निर्णय घेतो आणि मदरबोर्डही एका तारेवरून त्याला थांबवू शकतो. मी याच क्रमाने जायचे ठरवले, कारण आधीचे टप्पे फुकटचे आणि नंतरचे खर्चाचे आहेत.

लिनक्समध्ये वेगाची मागणी ‘गव्हर्नर’ नावाचे सेटिंग ठरवते. माझ्या संगणकावर तो ‘पॉवरसेव्ह’ होता, आणि हे नाव वाचून बहुतेकांना आरोपी सापडल्यासारखे वाटते. पण सहाव्या पिढीपासूनच्या इंटेल प्रोसेसरवर ‘इंटेल पी-स्टेट’ हा ड्रायव्हर चालतो आणि बारीकसारीक चढउतार प्रोसेसर स्वतःच करतो. तिथला ‘पॉवरसेव्ह’ वेगाला तळाशी बांधून ठेवत नाही, गरजेप्रमाणे वर जाऊ देतो. जुन्या ड्रायव्हरवरचा त्याच नावाचा गव्हर्नर मात्र खरोखरच सर्वांत खालच्या वेगावर बांधून ठेवतो, म्हणून आपला ड्रायव्हर कोणता हे आधी पाहावे. तरीही शंका नको म्हणून मी गव्हर्नर ‘परफॉर्मन्स’ केला, उबुंटूच्या सेटिंग्जमधला पॉवर मोडही बदलला. ‘सीपीयू-फ्रीक’ फोल्डरमधल्या फायलींत कमाल मर्यादा ४३००००० दिसत होती. हा आकडा किलोहर्ट्झमध्ये असतो, म्हणजे ४.३ गिगाहर्ट्झची पूर्ण मुभा होती. टर्बो, म्हणजे मूळ वेगाच्या वर चढण्याची सोय, बंद करणाऱ्या फायलीत शून्य होते, म्हणजे टर्बोही चालू होता. लॅपटॉपसाठीचे ‘टीएलपी’ हे वीज वाचवणारे सॉफ्टवेअर कोणी हौसेने डेस्कटॉपवर टाकले असेल तर ते या सेटिंग्जशी भांडते. माझ्याकडे ते नव्हते. विंडोजमध्ये याच्या जोडीचे ठिकाण म्हणजे पॉवर ऑप्शन्समधील ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’. ते शंभर टक्के आहे ना, हे पाहावे. नव्याण्णव केले तरी टर्बो बंद होतो.

माझा भाचा ठाण्याला असतो आणि संगणकाच्या बाबतीत घरातला शेवटचा शब्द त्याचा. त्याचे म्हणणे, “मावशी, तू सगळं फॉरमॅट मारून टाक, दोन तासांचं काम आहे.” फॉरमॅट करण्याआधी मी एक साधी चाचणी केली, आणि ती प्रत्येकाने करावी असे मला आग्रहाने वाटते. आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्सची लाइव्ह प्रत घेऊन संगणक तिच्यावरून सुरू केला, हार्ड डिस्कला हातही लावला नाही, आणि तिथे पुन्हा भार देऊन पाहिले. वेग ८०० च होता. जी यंत्रणा नुकतीच पेनड्राइव्हवरून कोरी उघडली, तिच्यातही तोच आकडा येत असेल तर दोष डिस्कवरच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये नसतो. फॉरमॅट टळले आणि भाच्यालाही ते पटले.

पुढचा संशय उष्णतेवर. मे महिन्यातली मुंबई, खोलीत एसी नाही, आणि १३ मेच्या धुळीच्या वादळात खिडक्या लावेपर्यंत घरभर मातीचा थर बसला होता, त्यामुळे ओळखीच्या प्रत्येकाने पंखा आणि पेस्ट याच गोष्टी सांगितल्या. कॅबिनेट उघडून ब्लोअरने धूळ काढली, ते कधीतरी करायचेच होते. पण पेस्टचा सल्ला मी बाजूला ठेवला. या प्रोसेसरची तापमानाची कमाल मर्यादा १०० अंश आहे. तिच्या जवळ गेल्यावर तो आपण होऊन वेग कमी करतो. पेस्ट सुकली असती तर भार येताच तापमान नव्वदच्या पुढे गेले असते आणि मग वेग उतरला असता. इथे वेग आधीच उतरलेला होता आणि तापमान ४८ वर होते. लिनक्स प्रत्येक कोअरने उष्णतेमुळे किती वेळा वेग कमी केला याची मोजणी ‘थर्मल थ्रॉटल’ फोल्डरमध्ये ठेवते. तीही शून्य होती. उष्णतेचा आरोप आकड्यांवर टिकत नव्हता.

विजेच्या मर्यादेचेही तसेच. या प्रोसेसरला दीर्घकाळच्या भारासाठी ६५ वॉटची मर्यादा असते आणि थोड्या वेळापुरती त्याहून जास्त वीज घ्यायची मुभा असते. ही मर्यादा बायोसमध्ये चुकून फार खाली ठेवली गेली असेल तरी वेग पडतो, म्हणून ती तपासली. ती बरोबर होती आणि प्रत्यक्ष वापर तिच्या जवळपासही नव्हता. त्यानंतर बायोस मूळ सेटिंग्जवर आणला, मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल चाळीस रुपयांना नवा घातला आणि बायोसची नवी आवृत्तीही चढवली. ती चढवताना वीज गेली तर बोर्ड कामातून जाऊ शकतो, म्हणून हे काम यूपीएसवर आणि यूपीएसची बॅटरी तपासून मगच करावे. फरक काहीच पडला नाही.

इथपर्यंत मेचा दुसरा आठवडा उलटला होता. गिऱ्हाइकाची कॅसेट मी त्याच संथ संगणकावर रात्रभर चालवून वेळेत दिली, त्यामुळे डोक्यावरचे ओझे उतरले, आणि मग मी ज्या गोष्टीला घाबरत होते तिच्याकडे वळले : प्रोसेसरच्या आतल्या नोंदी वाचणे.

या नोंदींना एमएसआर म्हणतात. ‘एमएसआर-टूल्स’ नावाचे पॅकेज घेतले की त्या वाचता येतात, आणि नुसत्या वाचण्याने काही बिघडत नाही. त्यांतली उष्णतेच्या स्थितीची नोंद इंटेलच्या प्रसिद्ध पुस्तिकेत सविस्तर दिलेली आहे. तिच्यातला पहिला बिट (शून्य किंवा एक असा एकच अंक) ‘मी स्वतः तापलो आहे’ असे सांगतो आणि तिसरा बिट ‘बाहेरून कोणीतरी मला तापल्याची खूण दिली आहे’ असे सांगतो. माझ्याकडे पहिला बिट शून्य होता आणि तिसरा एक. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच कोणीतरी सरळ उत्तर दिल्यासारखे वाटले. विंडोजवर हीच माहिती ‘थ्रॉटलस्टॉप’ या फुकट प्रोग्रॅमच्या ‘लिमिट रीझन्स’ खिडकीत मिळते : जे कारण या क्षणी लागू असेल त्याचा चौकोन लाल आणि जे आधी लागू होऊन गेले त्याचा पिवळा असतो. ‘एचडब्ल्यू-इन्फो’मध्येही ते दिसते. तिथे शोधायचा शब्द ‘प्रॉकहॉट’.

प्रॉकहॉट ही प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांच्यामधली एक तार आहे आणि ती दोन्ही बाजूंनी वापरता येते. प्रोसेसर तापला तर तो तिच्यावरून बोर्डाला कळवतो. बोर्डावरचा एखादा भाग तापला तर बोर्ड तिच्यावरून प्रोसेसरला कळवतो, आणि मग प्रोसेसर कारण न विचारता सर्वांत खालच्या वेगाला उतरतो. लोकलच्या डब्यात कोणी साखळी ओढली की इंजिन कितीही धडधाकट असले तरी मोटरमनला गाडी थांबवावीच लागते, तसाच हा प्रकार आहे. डेस्कटॉपवर साखळी ओढणारा बहुधा व्हीआरएम असतो, म्हणजे पॉवर सप्लायकडून आलेले १२ व्होल्ट प्रोसेसरला लागणाऱ्या एक-सव्वा व्होल्टपर्यंत उतरवणारे, सॉकेटच्या (प्रोसेसर जिथे बसतो त्या जागेच्या) शेजारचे विद्युत मंडळ. त्याच्याजवळ तापमान ओळखणारा एक छोटा घटक बसवलेला असतो. लॅपटॉपमध्ये हीच खूण पुष्कळदा चार्जरच्या बाजूने येते, म्हणून परका चार्जर लावल्यावर लॅपटॉप ८०० वर अडकल्याच्या कहाण्या ऐकू येतात.

आता व्हीआरएम खरोखर तापत होता की खोटीच खूण जात होती, एवढेच ठरवायचे राहिले. करोनाच्या काळात घेतलेले कपाळावर धरायचे थर्मामीटर इथे चालत नाही. शरीराच्या तापमानापलीकडे ते बहुधा आकडाच दाखवत नाही. आमच्या सोसायटीत एसी दुरुस्तीला येणाऱ्या मेकॅनिककडून मी त्याचे कारखान्यात वापरायचे इन्फ्रारेड थर्मामीटर एका दिवसासाठी मागून घेतले. चकचकीत धातूवर ते चुकीचे आकडे देते, म्हणून काळ्या चिपवर नेम धरायचा, ही सूचना त्याचीच. आकडे ४१ ते ४४ अंशांच्या दरम्यान आले. असे भाग शंभरीच्या आसपास जाईपर्यंत तक्रार करत नाहीत. तरी याहूनही निर्णायक चाचणीला कोणतेच यंत्र लागले नाही : रात्रभर प्लग काढून ठेवलेला संगणक सकाळी सुरू केला आणि पहिल्याच मिनिटात ती नोंद वाचली. तिसरा बिट तेव्हाही एकच होता. खोलीच्या तापमानाला असलेला बोर्ड ‘मी तापलो’ म्हणत असेल तर तो खोटे बोलत आहे.

ही बाहेरची खूण ऐकूच नकोस, असे प्रोसेसरला सांगण्याची सोय आहे. दुसऱ्या एका एमएसआरमधला पहिला बिट शून्य केला की काम होते. थ्रॉटलस्टॉपमध्ये त्याचा सरळ एक चौकोन आहे. लिनक्सवर सिक्युअर बूट (संगणक सुरू होतानाची बायोसमधली सुरक्षा तपासणी) चालू असेल तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ही नोंद लिहू देत नाही, म्हणून ते आधी बायोसमधून बंद करावे लागते. मी कॅबिनेट उघडे ठेवून, टेबल पंखा थेट बोर्डावर सोडून, केवळ खात्री करण्यासाठी हे केले. त्याच क्षणी वेग ४.० गिगाहर्ट्झवर गेला. दोनेक मिनिटे आकडे पाहिले, उतरवून घेतले आणि बिट पुन्हा पूर्ववत केला.

अनेक जण इथेच थांबतात आणि प्रत्येक वेळी संगणक सुरू होताना हा बिट आपोआप शून्य होईल अशी व्यवस्था करून टाकतात. वॉरंटी संपलेल्या जुन्या संगणकावर, व्हीआरएम थंड असल्याची खात्री असेल तर, मी त्यांना दोष देणार नाही. पण उद्या व्हीआरएम खरोखर तापला तर त्याला वाचवणारी सूचनाच आपण बंद केलेली असते, आणि स्वस्त बोर्डांवर या भागाला उष्णता वाहून नेणारी धातूची पट्टीही नसते. माझा बोर्ड तीन वर्षांच्या वॉरंटीत होता. तो बदलून घेणे हाच सरळ मार्ग होता.

बोर्डच दोषी आहे हे आणखी पक्के करावे म्हणून मी प्रोसेसर काढला, त्याच्या मूळ प्लास्टिकच्या डबीत ठेवला आणि लॅमिंग्टन रोडला गेले. सोमवार, २० मे रोजी मुंबईत लोकसभेचे मतदान होते आणि दुकाने बंद होती, म्हणून मंगळवार धरला. मुलुंडहून दादर आणि दादरहून पश्चिम रेल्वेची धीमी गाडी पकडून ग्रँट रोड. पूर्वेला उतरले की लॅमिंग्टन रोड चालत जाण्याच्या अंतरावर आहे. अख्खे कॅबिनेट गर्दीतून नेण्यापेक्षा प्रोसेसर पर्समध्ये नेणे केव्हाही बरे. ज्या दुकानातून भाग घेतले होते तिथल्या काकांनी तीनशे रुपये घेऊन तो आपल्या बोर्डावर बसवून दाखवला. भार दिल्यावर वेग ४.० च्या जवळ गेला. “ताई, प्रोसेसर सहसा जात नाही, जातो तो बोर्डच,” ते म्हणाले, आणि वॉरंटीसाठी कंपनीच्या सेवा केंद्राचा पत्ता त्यांनी बिलाच्या मागेच लिहून दिला. पेस्टची नळी अडीचशेला तिथेच घेतली. कूलर एकदा काढला की जुनी पेस्ट पुसून नवी लावावीच लागते.

निघण्याआधी त्यांनी एक गोष्ट विचारली, “सॉकेटचं झाकण ठेवलंय ना?” या पिढीच्या इंटेल बोर्डांवर बारीक पिना प्रोसेसरला नसून बोर्डावरच्या सॉकेटमध्ये असतात, आणि नव्या बोर्डावर त्यांना जपणारे काळे प्लास्टिकचे झाकण येते. ते नसेल तर सेवा केंद्र बोर्ड घेतच नाही. माझ्याकडे ते बोर्डाच्या खोक्यात होते. ज्यांनी फेकून दिले असेल त्यांनी लॅमिंग्टन रोडवरच चौकशी करावी, दुकानदारांकडे अशी झाकणे पडलेली असतात.

सेवा केंद्रात टोकन घेऊन बसावे लागते. मी साडेअकराला पोहोचले आणि नंबर येईपर्यंत जेवणाची सुट्टी झाली, म्हणून सकाळी दार उघडताच जावे हे बरे. सोबत लागणाऱ्या गोष्टी : जीएसटी क्रमांक असलेले मूळ बिल आणि त्याची झेरॉक्स, बोर्डावरचा सिरियल क्रमांकाचा स्टिकर शाबूत असणे, आणि बोर्ड अँटिस्टॅटिक (स्थिर विजेपासून जपणाऱ्या) पिशवीत. माझे बिल अडीच वर्षांत पुसट झाले होते. खरेदीच्या दिवशीच केलेले स्कॅन मोबाइलवर होते, त्यावर काम भागले. काउंटरवरचा इंजिनिअर भिंगाखाली सॉकेटच्या पिना पाहतो. एकही पिन वाकलेली किंवा काळवंडलेली दिसली तर वॉरंटी नाकारली जाते, म्हणून घरून निघण्यापूर्वी सॉकेटचे जवळून दोन-चार फोटो काढून ठेवावेत आणि तपासणी आपल्या समोरच करून घ्यावी.

जॉबशीटवर, म्हणजे तक्रार नोंदवण्याच्या कागदावर, त्याने ‘संगणक स्लो’ असे लिहिले. मी त्याला विनंती केली की ‘भार असताना वेग ८०० मेगाहर्ट्झवर अडकतो, थंड अवस्थेतही बाहेरून प्रॉकहॉट लागू, प्रोसेसर दुसऱ्या बोर्डावर व्यवस्थित’ असे लिहावे. “मॅडम, एवढं कोणी वाचत नाही,” असे तो म्हणाला खरा, पण लिहिले. चार दिवसांनी फोन आला : बोर्ड ठीक आहे, डिस्प्ले येतो, घेऊन जा. त्यांच्या टेबलावरची चाचणी म्हणजे बोर्ड सुरू होतो का आणि पडद्यावर चित्र येते का, एवढीच असते. माझा बोर्ड या परीक्षेत पहिल्या दिवसापासून पास होता. त्या वेळी मनातून मी पार खचले, कारण आता सिद्ध करण्याची जबाबदारी पुन्हा माझ्यावर आली होती. जॉबशीटवरचा तो मजकूर तिथे कामी आला. मी वरिष्ठांशी बोलायला मागितले, माझ्या आकड्यांचा कागद पुढे केला आणि विंडोजवर ‘लिमिट रीझन्स’ उघडून पाच मिनिटे भार द्यावा, इतकीच मागणी केली. आवाज चढवला नाही. वरिष्ठ इंजिनिअरने ते करून पाहिले, लाल चौकोन त्यालाही दिसला, आणि बोर्ड बदलून देण्याचे मंजूर झाले. अशा वेळी ‘संगणक हळू चालतो’ हे मत ठरते आणि त्यावर वाद घालता येतो. आकडा त्यांच्याच पडद्यावर आला की वादाला जागा उरत नाही.

त्या मॉडेलचा बोर्ड साठ्यात नव्हता. “दहा-बारा दिवस” असे सांगितले गेले आणि ते जूनच्या मध्यापर्यंत लांबले. एसएमएस येतो असे म्हणतात. मी जॉबशीटचा क्रमांक सांगून दर दोन-तीन दिवसांनी फोन करत राहिले. त्या दिवसांत नवे काम घेतले नाही, हातातले काम जुन्या लॅपटॉपवर रात्री लावून ठेवले. ९ जूनला मुंबईत पाऊस दाखल झाला, त्यामुळे बोर्ड आणायला जाताना अँटिस्टॅटिक पिशवीवर गुंडाळायला एक जाड प्लास्टिकची पिशवी आणि मूळ पुठ्ठ्याचे खोके नेले.

मिळालेला बोर्ड त्याच मॉडेलचा, पण दुरुस्त करून तयार केलेला होता. वॉरंटीत बहुधा असाच मिळतो. तो ताब्यात घेण्याआधी काउंटरवरच झाकण काढून पिना पाहून घेतल्या. घरी बसवल्यावर लगेच भार दिला : सर्व कोअर ४.० गिगाहर्ट्झ, वीज सत्तर वॉटच्या थोडी वर, तापमान ७० च्या पुढेमागे, आणि तो तिसरा बिट शून्य. अर्ध्या मिनिटाने वेग किंचित उतरून ३.८ च्या आसपास स्थिरावला आणि वीज ६५ वॉटवर आली. हे पाहून कोणी घाबरू नये. थोड्या वेळापुरती मिळालेली वाढीव विजेची मुभा सुमारे २८ सेकंदांनी संपते आणि प्रोसेसर आपल्या दीर्घकाळच्या मर्यादेत येतो, हा त्याचा ठरलेला धर्म आहे. तासाभराची कॅसेट पुन्हा वीस मिनिटांच्या आत होऊ लागली.

बोर्ड बदलल्यावर काही किरकोळ कामे मागे लागतात, ती कोणी आधी सांगत नाही. बायोस जुन्या आवृत्तीचा होता, तो पुन्हा अद्ययावत केला. पंख्याच्या वेगाची आणि सिक्युअर बूटची सेटिंग्जही नव्याने केली. इंटरनेट सुरू होईना, कारण आमच्या भागातला केबलवाला जोडणी संगणकाच्या नेटवर्क कार्डाच्या मॅक पत्त्याला (त्या कार्डाच्या ओळख क्रमांकाला) बांधून ठेवतो आणि नव्या बोर्डाबरोबर तो पत्ता बदलतो. फोन करून नवा पत्ता सांगितल्यावर तासाभरात काम झाले. विंडोज वापरणाऱ्यांचा परवाना बोर्डाशी जोडलेला असल्यास तो पुन्हा सक्रिय करावा लागू शकतो, त्यामुळे बोर्ड देण्याआधी तो आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून ठेवावा.

खर्च म्हणाल तर सेल, पेस्ट, दुकानातली तपासणी आणि प्रवास मिळून हजार रुपयांच्या आत भागले. वॉरंटीच्या बदलीचे पैसे लागले नाहीत. बदलून मिळालेल्या बोर्डाची वॉरंटी मात्र नव्याने सुरू होत नाही, मूळ खरेदीच्या तारखेपासूनची तीन वर्षेच धरली जातात, म्हणजे माझ्या बाबतीत नोव्हेंबर २०२४ पर्यंत. जॉबशीटची प्रत मी मूळ बिलाला जोडून स्कॅन करून ठेवली आहे, कारण बिलावर जुन्या बोर्डाचा सिरियल क्रमांक आहे आणि कॅबिनेटमधल्या बोर्डावर वेगळा. हे दोन क्रमांक एकमेकांशी जोडणारा दुसरा कोणताही कागद ग्राहकाकडे नसतो.